बेळगावचा पोरगा आणि दोना पावलाची गरी



आम्ही मूळचे बेळगाव-शहापूरचे. गेली जवळजवळ चाळीस वर्षं राहतोय वास्कोत. "तुमचं गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून अजूनही "बेळगाव" येतं आणि माझ्या मुलाच्या तोंडून "वास्को". बदलीवर परगावी जाऊन तिथेच राहिलेल्या बहुतेक घरांत हा फरक असतो. आमच्या घरात तो कधी पडला हे मात्र मला तारखेनिशी सांगता येतं. त्याचा संबंध ना रेशन कार्डाशी आहे ना घर बांधण्याशी. त्याचा संबंध मासे गरवण्याशी आहे. म्हणून म्हटलं, लिहून ठेवावं.

आधी आमची पार्श्वभूमी सांगतो. मी बी.कॉम. होऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो आणि पुढे परीक्षा देऊन अधिकारी झालो. आमच्या घरात रविवार म्हणजे मटण. मासा यायचा तो बांगडा, तोही बाजारात गोव्याहून-मालवणहून ट्रक आला तर. पाणी बघायचं तर किल्ल्याजवळचं तळं, नाहीतर पावसाळ्यात मार्कंडेय नदी. समुद्र म्हणजे सहलीला जाऊन पाय भिजवून यायची गोष्ट.

१९८६ साली माझी बदली वास्कोला झाली. बेळगावकरांना ते साल वेगळं सांगायला नको. जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही सामान बांधलं आणि मीटरगेजच्या गाडीत बसलो. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे, मडगाव करत गाडी वास्कोला पोचली. बरोबर सौ., नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी. माझे वडील स्टेशनवर सोडायला आले होते. तरुणपणी त्यांनी सीमाप्रश्नाच्या मोर्चांत पायपीट केलेली. गाडी सुटताना त्यांनी एकच सांगितलं, "पोराची मराठी सांभाळा."

वास्कोत उतरलो तर तिथेही भाषेचाच वाद पेटलेला. कोकणी राजभाषा की मराठी, यावरून सभा, मोर्चे, रस्ते अडवणं. वडिलांना पत्रात हे कळवलं, तर त्यांचं उलट पत्र आलं, "तिथं पण भांडणच असेल तर मग इथलं काय वाईट होतं?"

मुलाला जवळच्या मराठी शाळेत चौथीत घातलं. त्या काळी गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठीच होत्या, त्यामुळे काही अडचण येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. अडचण पुस्तकात नव्हतीच. गुरुजी शिकवायचे मराठीत, पण मधल्या सुट्टीत पोरं बोलायची कोकणीत. ह्याला कोकणी समजेना. आणि ह्याची मराठी ऐकून पोरं हसायची. आमचं बेळगावचं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे. "येतोय की", "बस की", "असं का करालाईस रे". मागून कुणीतरी "की, की, की" करायचं आणि सगळा वर्ग हसायचा.

पोरगं बोलायचं बंद झालं.

बंद म्हणजे अगदी बंद. घरात गरजेपुरतं बोलायचा, शाळेत तेवढंही नाही. दिवाळीच्या आधी वर्गशिक्षकांची चिठ्ठी आली : लिखाणात हुशार आहे, पण तोंडी परीक्षेत काहीच सांगत नाही, प्रकृतीची काही तक्रार आहे काय? डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा बघितला, कान बघितले आणि म्हणाले, काही नाही, सवय होईल. सौ.ने शहापूरला पत्र टाकलं. आईचं उत्तर आलं, "त्याला इकडे पाठवून द्या. मी आहे." मार्चमध्ये वार्षिक परीक्षा झाली की पाचवीसाठी मुलाला बेळगावला ठेवायचं, असं जवळजवळ ठरलंच. बदलीच्या नोकरीत अशी मुलं आजीकडे वाढलेली आम्ही कितीतरी बघितली होती. तरीपण रात्री झोपताना सौ. रोज विचारायची, "खरंच पाठवायचं?" आणि मी म्हणायचो, "बघू."

आमच्या चाळीत शेजारी एक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ राहायचे. मुरगाव बंदरात आयुष्य काढून निवृत्त झालेले. सगळी पोरं त्यांना 'तियू' म्हणायची, म्हणजे काका. बायको वारलेली, मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. त्याचे पैसे आमच्याच शाखेत यायचे, त्यामुळे आमची ओळख. तियू संध्याकाळी व्हरांड्यात बसून बाटलीवर नायलॉनचा बारीक दोरा गुंडाळत असायचे. त्या दोऱ्याला 'तंगूस' म्हणतात. हा शब्द मला तेव्हा नवा होता. आमचा मुलगा त्यांच्यासमोर जाऊन बसायला लागला. तियूंना मराठी फार येत नव्हती आणि मुलाला कोकणी. पण गाठ कशी मारायची हे दाखवायला भाषा लागत नाही.

हळूहळू ते त्याला रविवारी बायणेच्या बाजूला खडकांवर न्यायला लागले. मी आधी दोनदा मागून जाऊन बघून आलो. म्हातारा माणूस सावध होता. त्यांचे नियम मुलाने घरी वहीत लिहून ठेवले होते, ती वही अजून आमच्याकडे आहे. समुद्राकडे पाठ करायची नाही. जिथे खडक काळा-हिरवा आणि ओला दिसतो तिथे पाय ठेवायचा नाही, कोरड्या पांढुरक्या खडकावरच उभं राहायचं. पोचल्यावर लगेच गरी टाकायची नाही, आधी बसून लाटा बघायच्या, मोठी लाट कुठवर येते ते बघून तिच्या वर जागा धरायची. अनवाणी जायचं नाही, कारण खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. आणि पाऊस सुरू झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत खडकावर जायचंच नाही. आज एवढ्या वर्षांनंतरही यातला एकही नियम मला बदलावासा वाटत नाही.

फेब्रुवारीत तियूंचा गुडघा सुजला. मुलगा हिरमुसला. तियूंनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, की तुम्ही दोघे दोना पावलाला जा, तिथे धक्क्याजवळ खडक आहेत, चढायला सोपे आहेत. त्या काळी मुरगाव बंदरातून झुआरीच्या मुखावरून पलीकडे दोना पावलाला प्रवासी लाँच जायची, पावसाळा सोडून. ४ फेब्रुवारीला गोव्याच्या विधानसभेत राजभाषेचं विधेयक मंजूर झालं होतं. देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा वापरही शासकीय कामात करता येईल अशी तरतूद झाली. बाजारात, बँकेत, सगळीकडे तोच विषय. कुणी खूश, कुणी नाराज. त्या सगळ्यातून एक दिवस बाहेर पडायला मिळतंय म्हणून मीही तयार झालो.

भरती कधी आहे हे बघायला हवं होतं. मी मासेमारीतला नव्हतो, पण हिशेबातला होतो. कोकणातल्या एका सहकाऱ्याने मला पूर्वी एक आडाखा सांगितला होता : तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची साधारण वेळ. म्हणजे तिथीमागे पाऊण तास. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते, त्यातून हा आडाखा निघाला. हे गणित मुंबईकडचं. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्यात ती थोडी आधी येते. रविवारी, १५ तारखेला, वद्य द्वितीया होती. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड वाजता. त्यातून गोव्यासाठी पाऊण तास वजा. मी मुलाला म्हटलं, "पाऊण वाजता पूर्ण भरती. आपण दहापासून चढत्या पाण्यावर बसू." त्याने तियूंना जाऊन विचारलं. तियूंनी ना पंचांग बघितलं ना घड्याळ, नुसतं खाडीकडे बघितलं आणि "जेवणाच्या आधी" एवढंच म्हणाले. माझं गणित जुळलं म्हणून पोरगं पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसलं. व्याजाची कोष्टकं काढण्याचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

पौर्णिमा दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचं पाणी. अशा दिवशी पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. चढत्या पाण्याबरोबर मासे खडकांच्या कपारीपाशी चरायला येतात, कारण आधी कोरड्या पडलेल्या भागातले किडे, खेकड्याची पिल्लं, कालवं त्यांना मिळतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं हलत नाही आणि मासेही आळसावतात. हे सगळं मला त्या दिवशी लाँचमध्ये माझ्या मुलाने सांगितलं. अर्धं मराठी, अर्धं कोकणी, मध्येच हाताने दाखवत. चार महिन्यांत एका दमात एवढं बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. मी काही मध्ये बोललो नाही. बंदरात लोहखनिजाची जहाजं उभी होती. त्यांच्याकडे बोट करून मी काही सांगणार होतो, तेही राहू दिलं.

दोना पावलाला तेव्हा 'एक दुजे के लिए' बघून येणाऱ्या पर्यटकांची गर्दी असायची. सगळे धक्क्यावर फोटो काढत होते. आम्ही बाजूला, खडकांवर पांढरे पुतळे आहेत त्याच्या पलीकडे जाऊन बसलो. आधी दहा मिनिटं लाटा बघितल्या, नियमाप्रमाणे. मग मुलाने पिशवी उघडली.

सामान काय, तर दोन रिकाम्या बाटल्या आणि त्यावर गुंडाळलेली तंगूस. टोकाला वजन म्हणून स्कूटरचा जुना स्पार्क प्लग. त्याच्या वर वीत-दीड वीत अंतराने आखूड फाट्यांवर दोन गऱ्या. प्लग मात्र तंगुसाला थेट बांधलेला नव्हता, तो साध्या सुती दोऱ्याने बांधला होता. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, "बाबा, वजन दगडात अडकलं की जोर लावायचा. दोरा तुटतो, प्लग जातो, पण गरी आणि मासा वर येतो की." बँकेच्या भाषेत सांगायचं तर तोटा कुठे होऊ द्यायचा हे आधीच ठरवून ठेवलेलं. मला ते फार आवडलं.

आमिषाला सोललेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि तारल्याचे तुकडे. बाटली डाव्या हातात धरायची, तोंड समुद्राकडे, आणि उजव्या हाताने वजन फिरवून सोडायचं. बाटलीच्या तोंडावरून तंगूस सरसर सुटत जाते. माझी पहिली फेक पायापासून सात-आठ हातांवर पडली. ह्याची गेली बरोबर दोन खडकांमधल्या खोल पाण्यात.

मग तंगूस तर्जनीवर धरून बसायचं. बोटाला काय जाणवतं त्यावरून खाली कोण आहे ते ओळखायचं. टिकटिक टिकटिक असं टोचलं तर छोटा पालू किंवा आमिष कुरतडणारी पोरंटोरं, घाई करायची नाही. एकच जोराचा ओढा बसला तर गोबरो. मग मात्र क्षणभर थांबायचं नाही, लगेच उचलायचं. कारण गोबरो आमिष घेऊन थेट आपल्या कपारीत शिरतो, कल्ले फुगवून तिथे पाचर मारल्यासारखा बसतो आणि मग तो येत नाही, नुसती तंगूस हातात येते. जड, संथ ओढ लागली तर बहुधा सांगट. मराठीत शिंगाळा. त्याला हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी. टोचलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्याने कळ उतरते. आणि वर आल्यावर चेंडूसारखा फुगला तर तो केंड, तो कधीही खायचा नाही, परत टाकायचा.

अकरापर्यंत ह्याला दोन पालू मिळाले, मला काही नाही. बाजूच्या खडकावर चार-पाच मुलं आली. तालगाव-दोना पावलाकडची असावीत, ह्याच्याच वयाची किंवा थोडी मोठी. त्यातल्या एकाची गरी अडकली. तो उभा राहून दोन्ही हातांनी जोरजोरात ओढायला लागला. तंगूस त्याच्या बोटांत रुतत होती आणि मागचे हसत होते.

माझा मुलगा माझ्याशेजारून उठला. मला वाटलं, गर्दी बघून घरी जाऊया म्हणतोय. तो दोन खडक ओलांडून त्या पोराजवळ गेला आणि म्हणाला, "ओडूं नाका, तुटतली. त्या कुशीन वचून ओड."

ओढू नको, तुटेल. त्या बाजूला जाऊन ओढ.

मी तंगूस तशीच धरून बसलो. तो पोरगा पलीकडच्या बाजूला गेला, तिथून ओढलं, आणि गरी सुटली. त्याने ह्याला विचारलं, "खंयचो रे तूं?"

माझ्या मुलाने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "वास्कोचो."

बस. एवढंच. मी बेळगावचा आहे, माझे वडील बदलून आलेत, यातलं काही नाही. त्या पोरांनीही 'अस्सं' म्हणून मान हलवली आणि सगळे एका खडकावर बसले. मग मला काय काय ऐकू येत होतं म्हणता! कुणाचं सुंगट चांगलं, कुणाच्या मामाने केवढा चणक धरला, ह्याच्या तियूंनी बंदरात काय बघितलं. हा मध्ये मध्ये मराठी शब्द घालत होता. एकदा "हाय की" पण म्हणाला, मी स्पष्ट ऐकलं. कुणी हसलं नाही. तिथे सगळ्यांचं लक्ष तंगुसाकडे होतं, कुणाच्या बोलीकडे नव्हतं.

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या पोटात थोडं कालवलंही. वडिलांचे शब्द आठवले. एका बाजूला पोराची वाचा फुटली याचा आनंद, आणि दुसऱ्या बाजूला, ती फुटली ती माझ्या भाषेत नाही. सीमाभागातल्या घरात वाढलेल्या माणसाला हे दुसरं बाजूला ठेवणं सोपं नसतं. आम्ही भाषेसाठी मार खाल्लेला बघितलाय. भाषा म्हणजे राखायची वस्तू, असंच आमच्या मनात पक्कं बसलेलं.

साडेबाराच्या सुमारास, पाणी भरत आलं असताना, ह्याच्या बोटाला एकच ओढा बसला. ह्याने उभं राहून झटक्यात उचललं. मला वाटलं गोबरो. पण वर आला तो तांबूस, चमकणारा तांबसो, माझ्या कोपरापासून मनगटाएवढा. सगळी पोरं ओरडली. ह्याने खडकावर फडक्याने तो धरला, गरी सोडवली आणि माझ्याकडे वळून मराठीत ओरडला, "बाबा, बघ की! बघ की केवढा!"

पळत आला तो माझ्याचकडे, आणि बेळगावच्या 'की'सकट. माझ्या मनातला हिशेब तिथेच सुटला. ह्याने एका खात्यातून काढून दुसऱ्यात भरलं नव्हतं. दुसरं खातं नवीन उघडलं होतं, पहिलं होतं तसंच होतं.

थोड्या वेळाने मलाही एक मासा मिळाला. बोटभर लांबीचा गोबरो. मी तो पिशवीत टाकणार तेवढ्यात मघाचा पोरगा म्हणाला, "सोड ताका, ल्हान आसा." माझ्या मुलाने मान डोलावली. मी सोडला. बँकेत ज्याच्या सहीशिवाय कर्ज मंजूर होत नाही, त्याला दहा वर्षांच्या मुलाने नियम सांगितला आणि त्याने तो ऐकला.

पाणी उतरायला लागलं. मुलगा म्हणाला, "सुकती लागली." ओहोटीला कोकणीत सुकती म्हणतात. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो, लाँच हलते, म्हणून आम्ही लगेच निघालो. लाँचमध्ये तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. हाताला माशाचा वास येत होता.

घरी सौ.ने तांबसो साफ केला. तिला तोवर बेळगावच्या पद्धतीचा सुक्या खोबऱ्याचा मसालाच येत होता. एक वाटी रस्सा तियूंकडे पाठवला. थोड्या वेळाने तियू लंगडत आले, वाटी परत द्यायला, आणि तिला सांगून गेले की ओलं खोबरं घे, आमसूल घाल, बांगडा असेल तर तिरफळं टाक. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन प्रकारची कालवणं आहेत. रात्री मी तिला खडकावरचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईंना पत्र तुम्ही लिहिता की मी लिहू?" मी म्हटलं, "मी लिहितो."

मार्चच्या तोंडी परीक्षेत मुलगा बोलला. फार नाही, पण बोलला. पाचवी वास्कोतच.

मे महिन्यात माझे आई-वडील आमच्याकडे राहायला आले. वडिलांच्या मनात शंका होतीच. एका संध्याकाळी त्यांनी नातवाला समोर बसवलं आणि परीक्षाच घेतली. मी आतून ऐकत होतो.

"सुंगट म्हणजे?"

"कोळंबी."

"कुर्ली?"

"खेकडा."

"चणक?"

"जिताडा."

"इसवण?"

"सुरमई."

"शेवटो?"

"बोय. पण आजोबा, काळुंदराला आपल्यात काय म्हणतात?"

वडील गप्प. त्यांनी आयुष्यात काळुंदर बघितलेलाच नव्हता. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "आपल्याकडे तो मासाच नाही, तर शब्द कुठून असणार? तू म्हणतोस तेच नाव आपलं." दुसऱ्या दिवशी ते नातवाबरोबर आणि तियूंबरोबर बायणेला गेले, वाळूवर खुर्ची टाकून बसले आणि मासे मोजत राहिले. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं तेव्हा ते आमच्याकडेच होते. तियूंच्या रेडिओवर दोघे म्हातारे बातम्या ऐकत बसले होते. एकाला मराठी पुरती येत नव्हती, दुसऱ्याला कोकणी, पण चहा दोनदा झाला.

पुढे माझ्या बदल्या रत्नागिरीला झाल्या, हुबळीला झाल्या. मी एकटा गेलो आणि शनिवार-रविवारी येत राहिलो. कुटुंब वास्कोतच राहिलं. निवृत्तीनंतर शहापूरच्या घरी परत जायचं, असं मी आणि सौ. कितीतरी वर्षं बोलत होतो. ते बोलणं कधी थांबलं ते कळलं नाही. तियू नव्वदच्या दशकात गेले. त्यांच्या मुलाने बापाच्या तंगुसाच्या बाटल्या आमच्या मुलाला दिल्या.

मुलगा आता पन्नाशीकडे आलाय, वास्कोतच जहाजांच्या एजन्सीत काम करतो. बायकोशी कोकणीत बोलतो, आमच्याशी मराठीत, आणि बेळगावच्या आत्येभावांचा फोन आला की असं काही बेळगावी बोलतो की सून हसत सुटते. आता त्याच्याकडे फायबरची काठी आणि रीळ आहे. पण त्याची मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा त्याने तिच्या हातात आधी बाटलीच दिली. म्हणाला, "आधी बोटाला कळू दे, मग काठी." नियमांची वहीही तिला दिली. तिने त्यात स्वतःचा एक नियम जोडलाय : प्लॅस्टिक परत घरी आणायचं. सुटलेली तंगूस खडकात राहिली तर त्यात पक्षी आणि कासवं अडकतात, हे ती शाळेत शिकून आली. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते अगदी बरोबर आहे.

घरात वीतभरापेक्षा लहान मासा येत नाही. जून-जुलैत गोव्यात यांत्रिक बोटींना ६१ दिवस बंदी असते, तेव्हा आमच्याही बाटल्या माळ्यावर जातात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की खाली येतात.

वडील जाण्याआधी एकदा म्हणाले होते, "पोराची मराठी सांभाळा म्हटलं होतं मी. तुम्ही सांभाळली नाहीत, त्यानेच सांभाळली." मला ते पटलं. राखण करून भाषा टिकते तशी ती वापरूनही टिकते, आणि जो दोन भाषा वापरतो त्याची पहिली कमी होतेच असं नाही. इंदूर, बडोदा, हैदराबादकडची जुनी मराठी घरं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलीत. त्यांना मी हे सांगायला नको. पण नुकतेच बदलीवर कुठे गेलेले तरुण आई-बाप हे वाचत असतील आणि त्यांचं पोर शाळेत गप्प बसत असेल, तर त्यांनी घाबरून जाऊ नये. त्याला तिथली मुलं जे काही करतात त्यातलं एखादं काम हातात मिळू द्या. पतंग असो, विटीदांडू असो, नाहीतर गरी.

तुमच्या घरात तिथली भाषा पहिल्यांदा कोण बोललं, आणि कुठे? आठवत असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल की.